दोन ताईंची सोय

पतसंस्थेची निवडणूक आली ना, भाऊ? मग नागपुरात बर्डीवर तर्रीपोहे खात पॅनेल ठरवा. एकोणीस नावांवर रात्रभर भांडण होईल, होऊ द्या. शेवटच्या दोन नावांना मिनिटभर पुरतं: एक तुमच्या सौ., दुसऱ्या सचिवांच्या भावजय. फॉर्मवर सही घरीच मिळते.

ही दोनाची कटकट जाता जात नाही बाप्पा! ९७व्या घटनादुरुस्तीनं २०१२ मध्ये संचालकांची मर्यादा २१ केली आणि त्यात दोन महिला घातल्या. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो भाग राज्यांतल्या संस्थांपुरता रद्द केला, तेव्हा तुम्ही पेढे आणायला निघाला असाल. पण न्यायालयाची हरकत बायकांना नव्हती, राज्यांची संमती न घेण्याला होती. आणि महाराष्ट्राच्या १९६० च्या सहकार कायद्यात त्या दोन जागा आहेतच. उरलेल्या एकोणीस पुरुषांच्याच, असं मात्र त्यात कुठंही लिहिलेलं नाही. ही न लिहिलेली ओळ छापील असल्यासारखी पाळा.

कर्ज उपसमितीची बैठक रात्री नऊनंतर ठेवा. ‘बायांना इतक्या रात्री कुठं बोलवता?’ अशी काळजीही दाखवता येते. पिग्मी, म्हणजे दारोदारची रोजची ठेव, गोळा करायला मात्र इतवारीत भर उन्हात ताईच पाठवा, त्यांचा हिशेब चोख असतो. वसुलीलाही त्याच बऱ्या. त्यांच्यासमोर थकबाकीदार शिवी देत नाही.

गृहनिर्माण संस्थेत तर आणखी सोपं. मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते म्हणून फ्लॅट सौ.च्या नावावर घेतला ना? म्हणजे सभासद त्या. आमसभेत खुर्चीवर तुम्ही.

महिला दिनाच्या भाषणात लिज्जत पापड अवश्य घ्या. १९५९, गिरगाव, सात बायका, उसने ८० रुपये: टाळ्या ठरलेल्या. फक्त तिथं कारभारही बहिणीच पाहतात, एवढं वाक्य गाळा.

इतकं करूनही एखादी संचालिका सहीआधी ठराव वाचते. परवा एकीनं थकबाकीदारांची यादीच मागितली म्हणे. घाबरू नका. लगेच हळदीकुंकू जाहीर करा, अध्यक्षपद त्यांनाच द्या, वाण संस्थेच्या खर्चानं. यादी तुमच्याच कपाटात राहू द्या. तीत पहिलं नाव तुमच्या साळ्याचं आहे, हे आम्ही कशाला कोणाला सांगू?