डार्विनच्या कपाटातला निबंध, जो तिथे नव्हताच

एक फॉरवर्ड दर काही महिन्यांनी फिरून येतो. आनुवंशिकतेचे नियम शोधणारा मेंडेल म्हणे परीक्षेत नापास झालेला भाबडा संन्यासी. मठाच्या परसात त्याने एकट्याने वाटाणे मोजले. निबंध डार्विनला पाठवला, तर त्याने तो उघडलाही नाही. आणि वर, आकडे बनावट!

नापास झाला हे खरं. शिक्षकाच्या परीक्षेत, 1850 साली. पण पुढचं गाळलेलं असतं. मठाने त्याला 1851 ते 1853 व्हिएन्ना विद्यापीठात धाडलं, तिथे तो डॉपलरकडे भौतिकशास्त्र शिकला. हो, तोच डॉपलर, ज्याच्यामुळे दूर जाणाऱ्या गाडीची शिट्टी का उतरते ते आपल्याला कळलं. ‘भाबडा’ इथेच बाद.

डार्विनची गोष्ट मात्र मजेशीर आहे. त्याच्या ग्रंथसंग्रहात मेंडेलचा निबंध सापडलेलाच नाही. मग न उघडलेली पानं आली कुठून? त्या काळी पुस्तकांची पानं कडेला जोडलेली असत, वाचणारा ती सुरीने कापत पुढे जाई. डार्विनकडे फोके या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाचं संकरित वनस्पतींवरचं जाडजूड पुस्तक होतं. त्यातली मेंडेलविषयीची पानं कापायची राहून गेली. कुणाच्या तरी पुस्तकातल्या त्या पानांचा सांगता सांगता मेंडेलचा निबंध झाला! उलट मेंडेलने डार्विनचा ग्रंथ जर्मन भाषांतरात, समासात खुणा करत वाचला होता.

राहिले आकडे. संकराच्या दुसऱ्या पिढीत गोल वाटाणे 5474, सुरकुतलेले 1850. म्हणजे जवळपास तिनास एक, त्याच्या नियमाला अपेक्षित तेच प्रमाण. 1936 साली संख्याशास्त्रज्ञ फिशरने दाखवलं की मेंडेलचे एकूण निकाल अपेक्षेच्या नको इतके जवळ आहेत. शंका रास्त होती, वाद अजून चालू आहे. पण फिशरचा संशय मेंडेलवर नव्हता, एखाद्या मदतनिसावर होता. आणि 1900 साली जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ कोरेन्सच्या वाटाण्यांतही हेच प्रमाण निघालं.

मला स्वतःला वेगळाच पुरावा जास्त पटतो. म्युनिकचे प्राध्यापक नेगेली हॉकवीड या रानफुलाचे अभ्यासक; त्यांच्याशी पत्रव्यवहार करत मेंडेलने त्याचेही संकर केले. या झाडात बी बहुधा फलनाशिवायच धरतं, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. वाटाण्याचा हिशेब तिथे जमेना. आकडे रचणाऱ्याने ते प्रयोग गुपचूप गिळले असते. मेंडेलने ते न जुळलेले निकाल 1870 साली छापून टाकले.