एसएमपीएस उघडू नका : संगणक-सफाईच्या एका संदेशाचा प्रतिवाद

दसरा उलटला की घरोघरी जळमटे निघू लागतात आणि त्याच सुमारास व्हॉट्सॲपवर सफाईचे उपायही फिरू लागतात. यंदाचा संदेश आमच्या काकांनी कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिले, ‘रविवारी हेच करणार आहे, स्क्रू ड्रायव्हर काढून ठेवला आहे.’ काका निवृत्त आहेत, सोसायटीचे हिशेब डेस्कटॉपवर ठेवतात आणि हातात घेतलेले काम शेवटच्या स्क्रूपर्यंत नेतात. धास्ती वाटली ती त्यामुळेच. फोन करून त्यांना थांबवले, तर ‘अरे, एवढे लोक पाठवतायत, सगळेच मूर्ख आहेत का?’ असे त्यांनी विचारले. लोकांचे सोडा, संदेश मात्र धोकादायक आहे.

‘दुकानदाराला ५०० रुपये कशाला? घरच्या वस्तूंनी कॉम्प्युटर नवा करा’ असे त्याचे शीर्षक असून त्यात सात सूचना आहेत. घरातल्या व्हॅक्यूम क्लीनरने आतील धूळ ओढून घ्या. हे करताना संगणक चालूच ठेवा, म्हणजे पंखे उरलेली धूळ बाहेर फेकतील. एसएमपीएसचे, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या पेटीचे, चार स्क्रू काढून आतून ब्रश मारा. पंख्यांवर आणि रॅमच्या (तात्पुरत्या स्मृतीच्या पट्टीच्या) खाचांत डब्ल्यूडी-४० हे गंजरोधक द्रावण फवारा. रॅमचे सोनेरी दात खोडरबराने घासा. फारच धूळ असेल तर कॅबिनेट पंक्चरवाल्याकडे नेऊन हवा मारून आणा. आणि बाजारात मिळणारी डबाबंद हवा घेऊ नका, कारण ती पेट घेते.

सर्वांत आधी तिसरी सूचना, कारण बाकीच्या चुकांत संगणक जाईल, हिच्यात माणूस जाऊ शकतो. एसएमपीएस म्हणजे कॅबिनेटच्या मागच्या कोपऱ्यातील, स्वतःचा पंखा असलेली लोखंडी पेटी. भिंतीतून येणारी २३० व्होल्टची वीज हिच्यात प्रथम एकदिश होते आणि सुमारे ३२५ व्होल्टवर एका जाड, पिंपासारख्या कॅपॅसिटरमध्ये साठते. हा साठा प्लग काढल्याबरोबर नाहीसा होत नाही. ३३० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर ३२५ व्होल्टला भरलेला असेल, तर त्यात सुमारे १७ ज्यूल ऊर्जा असते, आणि ती हातातून छातीकडे जाण्यासाठी मुख्य वीज चालू असण्याची गरज नसते. चांगल्या बनावटीत हा साठा हळूहळू उतरवण्याची सोय असते हे खरे, पण ती सोय शाबूत आहे की जळून गेली आहे, हे बाहेरून कोणालाही सांगता येत नाही. त्यातच दुसऱ्या सूचनेप्रमाणे संगणक चालू ठेवून ही पेटी उघडली, तर काही बनावटींत आतील ॲल्युमिनियमच्या पट्ट्यासुद्धा मुख्य विजेशी जोडलेल्या असतात. बहुतेक रंगाच्या ब्रशांच्या दांड्याला लोखंडी पत्रा असतो आणि तो नेमका या पट्ट्यांच्या मधल्या फटीत जातो. संदेश लिहिणाऱ्याने या दोन सूचना एकाखाली एक लिहिल्या आहेत. त्याने स्वतः हे करून पाहिले असावे असे मला वाटत नाही.

एसएमपीएसच्या अंगावर एक चिकटपट्टी असते आणि आत वापरणाऱ्याने दुरुस्त करण्याजोगे काही नाही, उघडू नका, अशा अर्थाची सूचना तिच्यावर छापलेली असते. बऱ्याचदा ती स्क्रूच्या डोक्यावरच डकवलेली असते, म्हणजे स्क्रू काढायचा तर ती फाडावीच लागते. या पेटीतील धूळ बाहेरूनच काढायची असते : वायर पूर्ण काढून, जाळीतून ब्लोअरची हवा मारून. थोडी धूळ आत राहिली तर राहू द्यावी.

आता ‘चालूच ठेवा’ या सूचनेकडे. संगणक उघडण्यापूर्वी काय करावे हे डेलच्या मालक-पुस्तिकांत सविस्तर दिलेले आहे, आणि तो क्रम कोणत्याही कंपनीच्या डेस्कटॉपला लागू पडतो. संगणक बंद करा; त्याची आणि त्याला जोडलेल्या सर्व उपकरणांची वायर विजेपासून वेगळी करा; मग वायर काढलेल्या अवस्थेतच पॉवरचे बटण दाबून धरा, म्हणजे मदरबोर्डमध्ये (सगळे भाग जोडलेल्या मुख्य पाटीत) उरलेली वीज उतरेल; आणि काम करताना अधूनमधून रंग नसलेल्या धातूच्या भागाला हात लावत राहा. ही पायरी-पायरीची कटकट उगाच नाही. इंटेलने १९९५ साली आणलेल्या, डेस्कटॉपच्या एटीएक्स नावाच्या रचनेत संगणक ‘शट डाउन’ केल्यानंतरही, वायर जोडलेली असेपर्यंत, मदरबोर्डला ५ व्होल्टचा राखीव पुरवठा सुरूच राहतो. पडदा काळा झाला म्हणजे वीज गेली असे नव्हे. आपल्याकडे यात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. बहुतेक घरांत आणि झेरॉक्सच्या दुकानांत डेस्कटॉप यूपीएसवर असतो, त्यामुळे भिंतीवरचे बटण बंद केले तरी बॅटरी पुरवठा करतच राहते. वायर संगणकाच्या पाठीतून उपसून काढावी, बाकी कोणत्याही बटणावर विसंबू नये.

शिवाय फिरता पंखा धूळ बाहेर फेकतो ही कल्पनाच चुकीची आहे. प्रोसेसरवरचा पंखा बहुधा हवा खाली, उष्णता वाहून नेणाऱ्या ॲल्युमिनियमच्या पात्यांत दाबतो. पंखा उचलून पाहिले, तर त्या पात्यांच्या तोंडाशी राखाडी रंगाचा, नमद्यासारखा दाबून बसलेला थर दिसतो. हा थर त्याच पंख्याने वर्षानुवर्षे बसवलेला असतो आणि तो चालू ठेवून सुटणारा नाही.

व्हॅक्यूम क्लीनरबद्दल लोक हटकून म्हणतात, ‘आम्ही वर्षानुवर्षे वापरतो, काही झाले नाही.’ नसेल झाले. मुंबईच्या किंवा कोकणाच्या दमट हवेत स्थिर वीज फारशी साठत नाही. दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत, विशेषतः विदर्भात आणि मराठवाड्यात, प्लॅस्टिकच्या नळीतून धूळ वेगाने घासत गेली की ही वीज साठते. साधारण ३,००० व्होल्टच्या आतली ठिणगी माणसाला जाणवतही नाही आणि त्याहून कितीतरी कमी व्होल्टला चिप बिघडू शकते. बिघाड लगेच दिसतोच असेही नाही. म्हणून व्हॅक्यूम क्लीनर कॅबिनेटच्या बाहेरच्या जाळीला, सुट्या काढलेल्या धूळगाळणीला आणि नंतर फरशीला वापरावा. मदरबोर्डजवळ त्याचे नळकांडे नेऊ नये.

डब्ल्यूडी-४० हे १९५३ साली अमेरिकेत ओलावा हटवून गंज रोखण्यासाठी तयार झालेले द्रावण आहे. ते उडून गेल्यावर तेलकट पापुद्रा मागे राहतो, आणि तेलकट पंख्यावर धूळ कशी बसते हे स्वयंपाकघरातला एग्झॉस्ट फॅन पाहिलेल्या कोणालाही सांगावे लागू नये. त्याच कंपनीचा, विजेच्या जोडांसाठी बनवलेला, पूर्ण वाळणारा वेगळा फवारा मिळतो, पण संदेशातील छायाचित्रात नेहमीचा निळा-पिवळा डबाच आहे.

खोडरबराचे मात्र, मनाविरुद्ध का होईना, मान्य करावे लागते. संगणक सुरू न होता नुसता बीप-बीप करत असेल, तर रॅम काढून तिचे दात खोडरबराने हलके पुसून परत बसवणे हा आपल्याकडच्या प्रत्येक कारागिराचा पहिला उपाय आहे आणि पुष्कळदा तो लागू पडतो. पण तो रोगावरचा उपाय आहे, दिवाळीच्या सफाईचा भाग नव्हे. सोन्याचा मुलामा अतिशय पातळ असतो. दरवर्षी घासला तर तो जातो, आणि खोडरबराचा चुरा खाचेत पडला तर नवीनच तक्रार सुरू होते. रॅम नीट काम करत असेल तर तिला हात लावू नये.

पंक्चरवाल्याच्या हवेबद्दल फार लिहीत नाही. हवा दाबून भरली की तिच्यातील बाष्पाचे पाणी होऊन टाकीच्या तळाशी साचते, त्यात कॉम्प्रेसरचे तेलही मिसळते आणि दोन्ही हवेबरोबर नळीतून बाहेर येतात. टायरला त्याचे काही वाटत नाही.

डबाबंद हवेच्या बाबतीत संदेशातले अर्धे खरे आहे. तिच्यात साधी हवा नसून दाबाने द्रवरूप केलेला वायू असतो, आणि त्यांतले काही प्रकार ज्वालाग्राही असतात. डबा तिरका धरला तर गोठवणारा द्रव थेट चिपवर पडतो. पण ज्याला पेट घेण्याची एवढी काळजी आहे, तोच माणूस तीन ओळी वर, चालू संगणकावर, स्वतःच ज्वालाग्राही असलेले डब्ल्यूडी-४० फवारायला सांगतो. डबा महागही पडतो आणि लवकर संपतो, म्हणून मीही तो सुचवत नाही.

काकांना मी सांगितलेली साधने अशी : कारागीर वापरतात तो विजेवरचा छोटा ब्लोअर, मऊ केसांचा एक इंची ब्रश, कान साफ करण्याच्या काड्या आणि थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल. कॅबिनेट गॅलरीत न्यावे, नाकाला रुमाल बांधावा, ब्लोअरचे तोंड वीतभर लांब धरावे आणि प्रत्येक पंख्याची पाती बोटाने अडवून मगच हवा मारावी, नाही तर पंखा त्याच्या मर्यादेपलीकडे गरगरतो आणि बेअरिंग खराब होते. हवेने सैल न होणारी धूळ ब्रशने मोकळी करून पुन्हा हवा मारावी. पंख्याच्या पात्यांच्या पुढच्या कडेला काळी रेघ उरते, ती अल्कोहोलमध्ये किंचित ओलसर केलेल्या काडीने निघते. ब्लोअरला धूळ ओढायची पिशवी लावता येत असली तरी इथे ती लावू नये. व्हॅक्यूमबद्दल वर लिहिलेले तिलाही लागू आहे.

राहिले ते ५०० रुपये. संगणक नुसता धुळकट असेल तर ते वाचवायला हरकत नाही. पण तो तापून आपोआप बंद पडत असेल, तर प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट, म्हणजे त्याची उष्णता वरच्या ठोकळ्याकडे नेणारा लेप, बहुधा वाळलेली असते; ती पुसून नवी लावण्यासाठी उष्णतावाहक ठोकळा उतरवावा लागतो, आणि घाईत तो ओढला तर काही जुन्या संगणकांत प्रोसेसरही त्याच्याबरोबर सॉकेटमधून उपटून येतो, पिना वाकवून. काकांचा संगणक जुना आहे आणि उन्हाळ्यात दोनदा बंद पडला होता, म्हणून तो सोमवारी दुकानात जाईल.