आडात नाही, म्हणून पोहऱ्यात नाही?

आरोग्यखर्चाचा विषय निघाला की एक मजकूर हमखास फिरू लागतो. त्याचं सार असं: प्राथमिक आरोग्यसेवा ही श्रीमंत देशांची चैन आहे. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? गरीब देशांनी आधी अर्थव्यवस्था वाढवावी. तोवर दवाखान्यात थोडं शुल्क ठेवावं, कारण फुकट मिळालेल्याची लोकांना किंमत नसते. आणि सरकारला फारच कळवळा असेल, तर दवाखाने चालवण्याऐवजी विमा काढून द्यावा.

'आधी श्रीमंत व्हा' याला अमर्त्य सेन यांनी फार पूर्वी उत्तर दिलं आहे. प्राथमिक सेवेतला मोठा खर्च पगारांचा असतो. देश गरीब असतो तेव्हा तिथले पगारही कमी असतात. म्हणजे हाताशी पैसा कमी, पण तेच काम करून घ्यायला लागणारा पैसाही कमी. यंत्रं आणि नवी औषधं मात्र जागतिक भावानेच घ्यावी लागतात. म्हणून गरीब देशाला जड जातं ते अद्ययावत रुग्णालय. इथिओपियाने २००३ पासून दहावीपर्यंत शिकलेल्या तरुणींना वर्षभराचं प्रशिक्षण देऊन, सरकारी पगारावर आरोग्यसेविका म्हणून गावोगाव नेमलं. त्यांची संख्या तीस हजारांवर गेली. तेव्हा तो जगातल्या सर्वांत गरीब देशांपैकी एक होता. थायलंडने २००२ मध्ये सर्वांसाठी आरोग्यसेवा लागू केली, तीही १९९७ च्या आर्थिक संकटातून सावरत असताना.

आता शुल्काचं. हा मुद्दा सर्वांत लोकप्रिय आहे, कारण 'फुकट ते पौष्टिक' म्हणत आपण सगळेच हसतो. पण हा प्रयोग होऊन गेलेला आहे. १९८७ च्या जागतिक बँकेच्या अहवालाने शुल्काची शिफारस केली आणि आफ्रिकेतल्या अनेक देशांनी ते लावलं. वसुली किती झाली? चालू खर्चाच्या सरासरी पाच टक्क्यांच्या आसपास. एवढ्यासाठी किती रुग्ण दारातून परतले, याचा हिशेब या मजकुरात नसतो. केनियात गरोदर स्त्रियांना कीटकनाशक लावलेल्या मच्छरदाण्या वेगवेगळ्या किमतींना देऊन पाहिल्या. किंमत शून्यावरून साठ सेंटवर नेली, तर मच्छरदाणी घेणाऱ्यांचं प्रमाण साठ टक्के-बिंदूंनी घसरलं. ज्यांनी पैसे मोजले त्यांनी ती जास्त निगुतीने वापरली, असंही दिसलं नाही. जंतांच्या गोळ्यांचंही तेच: नाममात्र शुल्क लावताच गोळ्या घेणाऱ्यांचं प्रमाण ७५ टक्क्यांवरून २० टक्क्यांच्या खाली आलं. शिवाय एका मुलाचे जंत गेले की शेजारच्या मुलाचाही धोका कमी होतो. तो फायदा विकत घेणारा विचारात घेत नाही, म्हणूनच तो भार सगळ्यांनी मिळून उचलायचा असतो.

इथे एक कबूल करायला हवं. युगांडाने २००१ मध्ये सरकारी दवाखान्यांतलं शुल्क रद्द केलं. गर्दी वाढली, गरिबांची जास्तच. पण औषधं वारंवार संपत राहिली, लोक ती बाहेरून विकत घेत राहिले आणि गरिबांवरचा जीवघेण्या खर्चाचा बोजा काही कमी झाला नाही. शुल्क काढलं तर तेवढे पैसे तिजोरीतून घालावेच लागतात.

विम्याचं थोडक्यात. ज्यांच्या हाती पगाराची पावतीच नाही, त्यांच्याकडून हप्ता कसा कापणार? घानाने २००३ मध्ये विम्याचा कायदा केला, पण त्या योजनेचा मोठा भाग अडीच टक्क्यांच्या उपभोग करातूनच चालतो. शेवटी करच आला की! आणि विमा बहुधा रुग्णालयात भरती झाल्यावरच कामाला येतो. रक्तदाबाची गोळी रोज मिळाली असती तर जो झटका टळला असता, त्याचं बिल तो भरतो. भारतात २०१८ च्या आयुष्मान भारतमधलं पाच लाखांचं संरक्षण सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच योजनेत प्राथमिक सेवा देणारी दीड लाख आरोग्यवर्धिनी केंद्रंही होती, ती मात्र या मजकुरात कधीच सापडत नाहीत.

राहिली आडाची गोष्ट. आडात पाणी कमी आहे, हे खरंच. पण जे आहे तेही पोहऱ्यात येत नाही, कारण दोर वरच्या कचेरीत अडकलेला असतो. अर्थसंकल्पात आरोग्य केंद्राच्या नावे रक्कम दिसते, आणि केंद्रातल्या परिचारिकेला साधा कापूस आणायचा तर वर अर्ज करावा लागतो. टांझानियाने २०१७-१८ पासून हे पैसे थेट प्रत्येक केंद्राच्या बँक खात्यात जमा करायला सुरुवात केली. त्यासाठी त्याला आधी श्रीमंत व्हावं लागलं नाही.