साठीनंतर घोडा घेऊ नये म्हणे

माझी घोडी टिकली जाऊन महिना नाही झाला तोच एक फॉरवर्ड मला तीन जणांनी पाठवला. त्यात म्हटलंय की घोडा शेवटी जनावर, त्याचं दुःख दोन दिवसांच्या वर करू नये, आणि साठीनंतर नवीन घोडा तर मुळीच घेऊ नये, पडलात तर हाडं जुळत नाहीत आणि घोडा ३० वर्षं जगतो, तुमच्यामागे त्याला कोण बघणार. मी ६२ ची आहे, ठाण्यात राहते. उत्तर द्यावंसं वाटलं.

आधी ते दोन दिवस. टिकली १९ वर्षं माझी होती, घोडबंदर रोडच्या आत एका तबेल्यात, कुमैत म्हणजे तांबूस-तपकिरी रंगाची काठेवाडी घोडी, आत वळलेले कान, कपाळावर पांढरा ठिपका. पहाटे साडेपाचला घर सोडायचं, खरारा करायचा म्हणजे अंग घासून साफ करायचं, खूर साफ करायचे, पावसाळ्यात तर जास्तच कारण आपल्याकडच्या चिखलात खूर खालून कुजायला वेळ लागत नाही, वास आला की समजायचं. शेवटी शेवटी दाढा झिजल्या, गवत चघळून गोळे टाकून द्यायची, मग चंदी म्हणजे दाणा नि भुसा भिजवून लापशीसारखं द्यायचो. मग पोटशूळ. घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळे पोटात काही अडकलं की वरून सुटका नाही, दोन रात्री मी नि मोतद्दार, म्हणजे घोडी सांभाळणारा माणूस, तिला आळीपाळीने चालवत होतो, तिसऱ्या सकाळी डॉक्टरांनी विचारलं आणि मी हो म्हटलं. घोडी पुरायला जेसीबी बोलवावा लागतो. तो खड्डा मी उभी राहून बघितलाय. आजही साडेपाचला जाग येते आणि जायला कुठे नसतं, हे दोन दिवसांत कसं जाईल?

आणि जनावराला काय कळतं म्हणाल तर इंग्लंडमधल्या ससेक्स युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी दाखवलंय की घोडा ओळखीच्या माणसाचा आवाज आणि चेहरा एकमेकांशी जुळवतो. माझी स्कूटी गेटाशी आली की टिकली आतून फुरफुरायची, दुसऱ्या कुणाच्या गाडीला नाही.

या वयात हाडं जुळायला जास्त वेळ लागतो हे खरंय, त्यावर वाद नाही. पण जपानचे हिरोशी होकेत्सु २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये घोड्यावर बसले तेव्हा ७१ वर्षांचे होते. ते जन्मभर सराव केलेले, आपण तसं करायचं नाहीये, पण वय झालं म्हणजे संपलं हेही खरं नाही. आपण घोडा बघून घ्यायचा. उसळणारं पोर नको, रेसमधून काढलेलाही नको, शांत, मुरलेला हवा. हेल्मेट घालायचं, ओट्यावरून बसायचं. आणि बसायलाच पाहिजे असं कुठाय, टिकलीवर शेवटची पाच वर्षं मी बसलेच नव्हते, नुसतं हातात धरून फिरवायचे.

आता ३० वर्षांचा हिशेब. घोडा साधारण २५ ते ३० वर्षं जगतो, बरोबर. पण शिंगरूच घ्या असं कुणी सांगितलंय? १५-१६ ची घोडी घेतली तर दहा-बारा वर्षांचा प्रश्न, आणि या वयाच्या घोड्यांनाच गिऱ्हाईक नसतं, रायडिंग स्कूलमध्ये खपून झाल्यावर त्यांना विचारतं कोण. माझ्यामागे तिला बघायचं भाच्याने कबूल केलंय, तसं कागदावर लिहून घेतलंय, तिच्या खर्चाची एफडीही वेगळी काढलीये. चाळिशीतल्या माणसानेही हे करायला पाहिजे खरं तर, अपघात वय बघून होत नाही.

दुसरी आण म्हणजे पहिली विसरशील, असंही काहीजण म्हणतात. त्यासाठी आणणार नाहीये. तिला टिकली म्हणून हाकही मारणार नाही.

दिवाळीनंतर नेरळच्या बाजूला एक सोळा वर्षांची घोडी बघायला जाणारे. आवडली तर आधी ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगासाठी रक्त तपासून घेणार, दात नि खूर डॉक्टरांना दाखवणार, मग पैशांची बोलणी.