मी त्या चौघांतला

शाळेतल्या ग्रुप प्रोजेक्टचा विषय निघाला की ज्याला विचारावं तो हेच सांगतो, "आमच्या गटात पाच जण होते, पण सगळं काम मी एकट्याने केलं." असे एकट्याने करणारे मला आजवर इतके भेटलेत की प्रश्न पडतो, बाकीचे चौघे मोठे होऊन गेले तरी कुठे? हिशोबाने तर भेटणाऱ्या दर पाचांतले चार तेच निघायला हवेत.

तर हात वर करतो. मी त्या चौघांतला.

आधी 'एकट्याने केलं'वाल्यांसाठी एक गोष्ट. 1979 साली मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली या दोघा संशोधकांनी नवराबायकोंना वेगवेगळं विचारलं होतं, घरातल्या कामांत तुमचा वाटा किती? दोघांच्या उत्तरांची बेरीज केली तर बहुतेक जोडप्यांची शंभर टक्क्यांच्या वर गेली. कुणी खोटं बोलत होतं असं नाही. आपण उपसलेलं काम आपल्याला बारीकसारीक तपशिलासकट आठवतं, दुसऱ्याने केलेलं दिसतच नाही. दोन माणसांत ही गत, तर पाचांत काय होत असेल!

पण म्हणून मी निर्दोष सुटत नाही. आमचं प्रोजेक्ट होतं मानवी हृदयाचं मॉडेल आणि सोबत फाईल. गटाची लीडर वर्गातली पहिल्या नंबरची मुलगी. पहिल्याच दिवशी तिने कामं वाटली: मॉडेल ती करणार, माहिती ती लिहिणार, आकृत्या तिची मैत्रीण काढणार, एकाने थर्माकोल आणायचा, एकाने रंग. मला मिळालं फाईलचं कव्हर पेज. मी ते मनापासून केलं, हे आज कुणाला खरं वाटणार नाही. पट्टीने रेघा मारल्या, तीन स्केचपेनं वापरली, कडेने नक्षी काढली. दुसऱ्या दिवशी फाईल पाहिली तर माझ्या पानावर तिने छापलेलं पान चिकटवलं होतं. खालची नक्षी एका कोपऱ्यातून थोडी डोकावत होती.

ती काही बोलली नाही, मीही नाही. त्या दिवसापासून मी त्या प्रोजेक्टला बोट लावलं नाही. तोंडी परीक्षेत बाईंनी नेमकं मलाच विचारलं, डाव्या जवनिकेची भिंत उजवीपेक्षा जाड का असते? मी जमिनीकडे बघत उभा. (जवनिका म्हणजे हृदयाचा खालचा कप्पा. सगळ्या शरीरभर रक्त ढकलायचं काम डावीकडे असतं म्हणून. आता पाठ आहे, कधीच विसरणार नाही.) पाचही जणांना वीसपैकी अठरा. लीडरने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ती अजून आठवते. आयत्या बिळावरचा नागोबा म्हणतात तो मीच होतो, तिच्या बाजूने बघितलं तर. माझ्या बाजूने बघायला मात्र कुणी आलंच नाही.

या नागोबांचा अभ्यास शंभराहून जास्त वर्षांपासून चालू आहे. मॅक्स रिंगेलमान नावाच्या फ्रेंच कृषी अभियंत्याने 1880च्या दशकात माणसांना दोर ओढायला लावून जोर मोजला होता. निष्कर्ष छापून आले ते थेट 1913 साली. आठ जण मिळून ओढायला लागले की एकेकाचा जोर एकट्याने ओढताना लागे त्याच्या साधारण निम्म्यावर यायचा. त्याला स्वतःला वाटत होतं की मुख्य भानगड ताळमेळाची आहे, सगळ्यांचा झटका एका क्षणी बसत नाही. 1974 साली ॲलन इंगहॅम आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ही शंका तपासली. माणसाच्या डोळ्यांवर पट्टी बांधली, त्याला सगळ्यात पुढे उभं केलं, आणि मागच्यांना फक्त ओढायचं नाटक करायला सांगितलं. म्हणजे ओढणारा खरा एकटाच, ताळमेळ बिघडायचा प्रश्नच नाही. तरी त्याचा जोर घटला. मागे माणसं आहेत एवढं नुसतं वाटणं पुरलं.

मग 1979 मध्ये बिब लाटाने, विल्यम्स आणि हार्किन्स या तिघा संशोधकांनी लोकांना टाळ्या वाजवायला आणि ओरडायला लावलं. सहा जणांत एकेकाचा आवाज त्याच्या एकट्याच्या आवाजाच्या जेमतेम 40 टक्के भरला. खरा मुद्दा पुढे आहे. याच तिघांनी 1981 साली प्रत्येकाला पटवून दिलं की गटात ओरडलात तरी तुमचा आवाज वेगळा मोजला जाणार आहे. हे कळल्यावर घट जवळपास दिसेनाशी झाली. माणसं तीच, गटही तोच.

आता आपली शाळा काय करते? पाच जणांना एका दोराला जुंपते, दोर किती सरकला तेवढं मोजते आणि पाचांना सारखे मार्क देते. वर फळ्यावर लिहिते, 'संघभावना'. बारभाईंची शेती, काय लागेल हाती!

माझं भांडण आळशी पोरांशी नाही आणि हावरट लीडरशीही नाही. ते आहे या एका मार्काशी. तो मार्कच आम्हाला नागोबा करतो आणि लीडरला हुकूमशहा. तिला तरी दुसरं काय सुचणार? तिचे अठरा मार्क माझ्या स्केचपेनवर टांगलेले होते. नॉर्बर्ट कर आणि ब्रून या दोघा संशोधकांनी 1983 साली दाखवलं होतं की आपल्या कामाने निकालात काडीचाही फरक पडणार नाही असं वाटलं की माणूस हात आखडता घेतो. माझ्या कव्हर पेजचा याहून नेमका पंचनामा मी वाचलेला नाही. त्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासात याच नॉर्बर्ट करला उलटी बाजूही सापडली. जोडीदार अंगात बळ असून काम टाळतोय हे दिसलं की काम करणाराही ढिला पडतो. आपला वापर होतोय ही भावना त्याला मार्क बुडण्यापेक्षा जास्त टोचते.

यावर ठरलेलं उत्तर येतं, "पुढे नोकरीत असंच असतं, आत्ताच सवय होऊ दे." अहो, नसतं तसं. नोकरीत काम वाटणारा कुणीतरी असतो, त्याला पगार असतो, न करणाऱ्याला जाब विचारायचा अधिकार असतो. तेरा वर्षांच्या लीडरला काय अधिकार आहे? फार तर ग्रुपवर 'प्लीज पाठवा ना' लिहून तीन हात जोडायचे.

शिक्षकांचीही बाजू आहे, नाही म्हणत नाही. साठ फायली तपासण्यापेक्षा बारा तपासणं कुणालाही परवडतं. पण गट म्हणजे गोंधळच, असंही नाही. 1971 साली अमेरिकेत टेक्सासमधल्या ऑस्टिन इथे मानसशास्त्रज्ञ एलियट ॲरन्सन आणि त्याच्या विद्यार्थ्यांनी एक पद्धत काढली, जिगसॉ. धड्याचे तुकडे करायचे आणि गटातल्या प्रत्येकाला एकच तुकडा द्यायचा. वेगवेगळ्या गटांतली सारखा तुकडा मिळालेली मुलं आधी एकत्र बसून तो पक्का करतात, मग आपापल्या गटात परतून बाकीच्यांना शिकवतात. परीक्षा मात्र प्रत्येकाची वेगळी. यात हुशार मुलीला माझं पान झाकून चालणार नाही, कारण माझ्याजवळचा तुकडा तिच्याकडे नाहीच. तिला माझं ऐकावंच लागेल, आणि मला तो समजून घ्यावाच लागेल.

एवढं जमत नसेल तर निदान फाईलच्या शेवटी कोणी काय केलं याचं एक पान तरी प्रत्येकाच्या हस्ताक्षरात घ्या. आणि कोणाचं काय वापरलं नाही, तेही.

हे सगळं आज का आठवलं? काल रात्री साडेदहाला मुलगी कॉम्प्युटरसमोर बसून चिडचिड करत होती. आठवीत आहे, गटाची लीडर आहे. ग्रुपवर तिचे चौदा मेसेज, समोरून दोन अंगठे आणि एक 'उद्या करतो'. मी मागे उभा राहून बघत होतो. ती गटातल्या एका मुलाच्या दोन स्लाइड्स पुसून नव्याने करत होती.

"त्याला सांगितलंस का?"

"उद्या दिसेलच ना त्याला. बाबा, किती घाण केल्यात बघ तरी."

मग मी तिला कव्हर पेजची गोष्ट सांगितली, नक्षीसकट. तिने खुर्ची वळवून शेवटपर्यंत ऐकली. जरा वेळ गप्प बसली.

"तुझं अक्षर खरंच वाईट होतं का रे?"

"होतं," मी म्हणालो.

"मग बरोबरच केलं तिने," म्हणाली, आणि पुन्हा स्क्रीनकडे वळली.