डोकं कसलं? भाड्याची होडी!

आज सकाळी जामसंड्याला चहाच्या टपरीवर एकजण पेपरातली सायबर चोरीची बातमी वाचून म्हणाला, "काय डोकं असतं रे या हॅकर लोकांचं!" मी अर्धा चहा टाकून उठलो. तिथे तोंड उघडलं असतं तर भांडण झालं असतं, म्हणून इथे लिहितोय.

आमच्या भाऊकाकांचं तुम्हाला माहीतच आहे. एप्रिलमध्ये आत्येभावाच्या नंबरवरून व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका आली. पत्रिका कसली, एपीके फाईल, म्हणजे फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी फाईल! काकांनी उघडली, ‘अलाऊ’ आलं तिथे बोट टेकवलं. झालं. बँकेचे ओटीपी काकांच्या आधी चोराला दिसायला लागले. हापूसच्या पहिल्या पेट्यांचे ८३ हजार एका रात्रीत गेले. फवारणीची उधारी अजून तशीच आहे.

यात डोकं कुठे दिसलं तुम्हाला? असली सॉफ्टवेअरं तयार मिळतात. २०१९ मध्ये सर्बेरस नावाचं, फोनमधून बँकेची माहिती चोरणारं सॉफ्टवेअर चक्क भाड्याने मिळत होतं, वर्षाला १२ हजार डॉलर. दुसऱ्याचा कॉम्प्युटर दुरून ताब्यात घेणारं ब्लॅकशेड्स तर ४० डॉलरला. २०१४ मध्ये त्या प्रकरणात ९०हून जास्त लोक पकडले. लॉकबिट या, कॉम्प्युटर अडकवून खंडणी उकळणाऱ्या टोळीचा हिशेब तर आपल्या बंदरावरच्या होडीसारखाच वाट्याचा. सॉफ्टवेअर टोळीचं, दरोडा घालणारा भलताच, आणि खंडणीतले २० टक्के टोळीला. पण आपला खलाशी वादळात जीव घालतो हो! हा मेला पंख्याखाली बसून म्हाताऱ्यांचे फोन चाळतो. पैसे घेऊन दुसऱ्याचा ईमेल फोडून देणारेही असतात, आणि ते काही सगळे सातासमुद्रापार नाहीत. २०२० मध्ये कॅनडाच्या सिटिझन लॅब या संशोधन संस्थेने अशाच एका धंद्याचा माग काढला, तो दिल्लीतल्या कंपनीपर्यंत आला.

हो, आलेली प्रत्येक फाईल उघडू नये, मान्य. पण आत्येभावाच्या घरची पत्रिका उघडायची नाही?

राग मला याचा येतो की चोराला हुशार म्हटलं की आमचे काका आपोआप बावळट ठरतात. काकांनी स्वतःही तेच धरलं. लाजेने दीड दिवस कुणाला सांगितलंच नाही. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला मी फोन लावला तोवर पैसे कुठल्या कुठे गेले होते. लगेच कळवलं असतं तर कदाचित अडले असते. मी त्यांच्यावर ओरडलो त्या दिवशी. ओरडायला नको होतं.

परवा शेजारच्या लग्नाची पत्रिका आली. कागदाची, हळदकुंकू लावलेली. काकांनी ती दोनदा उलटीसुलटी करून बघितली आणि मला हळूच विचारलं, "उघडू मां रे?"