नववीतल्या मुलाने मराठीत वाचायचं काय?

फास्टर फेणेने मला एकही चांगली सवय लावली नाही, आणि त्याबद्दल मी हा गोष्टीतला पोरगा घडवणाऱ्या भा. रा. भागवतांची जन्मभर ऋणी आहे. त्याच्या नादाने भर दुपारी कुणाला न सांगता सायकल काढून कॅनॉलपर्यंत जायची खोड लागली. बोलता बोलता त्याच्यासारखं जिभेने 'टॉक्' करायची खोड लागली. (आजी म्हणायची, पालीसारखी चुकचुकू नकोस, तिन्हीसांजेची वेळ आहे.) शेजारच्या काकांची पिशवी नेहमीपेक्षा फुगलेली दिसली की आत काय असेल, याचा तपास सुरू व्हायचा.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे पालकांच्या एका ग्रुपवर आलेला प्रश्न. 'मुलगा नववीत आहे, इंग्रजी भरपूर वाचतो, मराठी हातात धरत नाही, पुस्तकं सुचवा.' उत्तरांचा पाऊस पडला. इसापनीती, पंचतंत्र, श्यामची आई, थोरांची चरित्रं. अहो, नववीतला मुलगा! त्याला मिसरूड फुटतंय, वर्गातल्या एका मुलीशी बोलताना त्याची जीभ अडखळतेय, घरी बाबांच्या नोकरीबद्दल काहीतरी कुजबुज चाललीय ती तो भिंतीआडून ऐकतोय, आणि आपण त्याच्या हातात कोल्हा आणि द्राक्षं देतोय.

लहान मुलांसाठी मराठीत आज फार सुंदर पुस्तकं आहेत. माधुरी पुरंदरेंची पुस्तकं पाहा, जगातल्या कुठल्याही भाषेने हेवा करावा अशी आहेत. मोठ्यांसाठी तर कपाटं भरलेली आहेत. मधला बारा ते सोळाचा कप्पा मात्र जवळजवळ मोकळा. आणि याचा दोष मी मोबाइलला देणार नाही. मुलांची पुस्तकं मोठी माणसं विकत घेतात आणि विकत घेताना मोठी माणसं घाबरलेली असतात, हे खरं दुखणं आहे.

फेणेच्या गोष्टी आता पुन्हा उघडून पाहा. बनेश फेणे, मूळचा फुरसुंगीचा, पुण्याच्या विद्याभवनचा विद्यार्थी, अंगाने काडीपैलवान. चोर पकडण्याची त्याला कुणी परवानगी देत नाही आणि तो मागतही नाही. चीनच्या युद्धाच्या वेळी हा पोरगा थेट सरहद्दीपर्यंत जातो. गोष्टीत आईबाप असले तरी कडेकडेने. त्या वीसेक पुस्तकांमध्ये देशप्रेम आहे, धाडस आहे, मैत्री आहे, सगळं आहे. पण वाचणाऱ्याच्या मनात उरतं ते हेच, की घरचे विचारत नसताना घराबाहेर एक अख्खं जग आहे आणि तिथे आपल्यालाही काम आहे. भागवतांनी १९५१ साली 'बालमित्र' मासिक काढलं, ज्यूल व्हर्न मराठीत आणला, आणि पुस्तकांना चटावलेला बिपीन बुकलवारही त्यांचाच. पोरांना वेड लावायचं हा त्या माणसाचा एककलमी कार्यक्रम होता.

त्याच्यापुढची आमची शाळा म्हणजे भाड्याची लायब्ररी. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. आमच्या वेळेपर्यंत त्यांतल्या ज्या उरल्या होत्या, त्या खाकी कव्हर घातलेल्या, कोपरे झिजून गोल झालेल्या, मधली चार पानं गायब. झुंजार, काळा पहाड, धनंजय हे त्यांतले नायक. एका पुस्तकात बाराव्या पानावरच कुणा दुष्टाने निळ्या बॉलपेनने लिहून ठेवलं होतं, 'खून भाच्याने केला आहे.' मी ते पुस्तक तरीही शेवटपर्यंत वाचलं आणि भाचा निर्दोष निघाला! त्या अनोळखी माणसाची कल्पकता मला आजही अर्नाळकरांच्या बरोबरीची वाटते. मग नारायण धारपांची भुतं, मग सुहास शिरवळकर. त्यांची 'दुनियादारी' आमच्या वर्गात हातोहात फिरली ती भूगोलाच्या पुस्तकाच्या पोटात बसून. यातलं काहीच आमच्यासाठी लिहिलेलं नव्हतं. समीक्षकांनी याकडे ढुंकून पाहिलं नाही, मास्तरांनी जप्त केलं, आणि आमची मराठी वाचायची गती नेमकी त्यावर वाढली. पुढे जी.ए. कुलकर्णी आणि भालचंद्र नेमाडे यांच्यासारखे जड लेखक वाचायचा दम आला तो कुठून आला असेल?

बंगालीत हेच काम उघड झालं. सत्यजित राय यांच्या आजोबांनी, उपेंद्रकिशोरांनी, १९१३ साली 'संदेश' हे मुलांचं मासिक काढलं. रायनी ते १९६१ मध्ये पुन्हा सुरू केलं आणि १९६५ पासून त्यात फेलूदा या गुप्तहेराच्या गोष्टी लिहिल्या. तोवर 'पाथेर पांचाली' या सिनेमाने त्यांचं नाव जगभर झालेलं होतं. तरी हा माणूस बसून पोरांसाठी डिटेक्टिव्ह गोष्टी लिहितो, चित्रंही स्वतःच काढतो. गोष्ट सांगतो तो फेलूदाचा चुलतभाऊ तोपशे, स्वतःच किशोरवयातला. सुनील गंगोपाध्याय एवढे मोठे कवी-कादंबरीकार, त्यांनीही पोरांसाठी काकाबाबूच्या साहसकथा लिहिल्या. असं लिहिलं म्हणून तिथे कुणाची पत उतरली नाही. अशोक जैनांनी फेलूदा मराठीत आणला, तो जरूर घ्या.

आपल्याकडे अशी उदाहरणं शोधावी लागतात. जयंत नारळीकरांनी पहिली विज्ञानकथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पाठवली ती आद्याक्षरं उलटी करून, नारायण विनायक जगताप या नावाने. आपल्या नावाचा प्रभाव परीक्षकांवर पडू नये हा हेतू, आणि बक्षीसही मिळालं. त्यांच्या कथा नववी-दहावीतल्या कित्येकांनी वाचल्या आणि त्यापायी विज्ञानाची वाट धरली, अशी माणसं माझ्याच ओळखीत आहेत. पण अशी नावं बोटावर मोजण्याइतकी.

फेणेची आरती ओवाळून मी थांबणार नाही. त्या जगात मुलींना काम कमी आहे. मी लहानपणी त्या गोष्टींतली मुलगी, माली, न होता सरळ फेणेच व्हायचे, कारण मालीला करायला फारसं काही नसायचं. आणि ते जग बरंचसं पुण्याच्या एका विशिष्ट थरातलं आहे. जालन्याच्या किंवा गडचिरोलीच्या मुलाला त्यात स्वतःचं घर, स्वतःची बोली, स्वतःचं आडनाव सापडायचं नाही. हे भागवतांवर ढकलण्यात अर्थ नाही. त्यांनी आपल्या वाटणीचं लिहिलं. पुढच्या साठ वर्षांत बाकीच्यांनी काय केलं, ते विचारायला हवं.

फेणेवरच्या २०१७ च्या सिनेमात काय झालं पाहा. फेणे मोठा झाला आणि पुण्यात आला तो मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेसाठी! सिनेमा मला आवडला, फेणे झालेला अमेय वाघही आवडला. पण आजच्या मराठी मुलाला घराबाहेर पडायला परीक्षेचं निमित्त लागतं, हे पटकथेने किती सहज मान्य करून टाकलं.

पुस्तक प्रदर्शनात मी मुलांच्या टेबलाजवळ मुद्दाम रेंगाळते. मुलगी एक भुताचं पुस्तक उचलते. आई ते उलटं करून पाठ वाचते, मग विचारते, 'यातून काय घेण्यासारखं आहे?' विक्रेता सराईत असतो, तो लगेच दुसरं काढून देतो, 'हे घ्या ताई, संस्कारक्षम आहे.' पैसे दिले जातात. मुलगी तोवर मोबाइल काढून कुठल्याशा ॲपवर प्रेमकथेचा पुढचा भाग वाचू लागलेली असते. तोही मराठीत, बरं का! व्याकरणाच्या नावाने बोंब, पण रोज एक भाग आणि शेवटी 'क्रमशः'. मुलांनी आपली भाड्याची लायब्ररी शोधून काढलीय, आपल्याला पत्ता नाही इतकंच.

मला हवी आहे ती कादंबरी लातूरला घडते. अकरावीचं क्लासेसचं वर्ष, एका खोलीत तीन मुली, मेसचा डबा, रविवारच्या टेस्टची रँक, आणि एक दिवस तिघींपैकी एक गायब. पोलीस म्हणतात, अभ्यासाचं टेन्शन. उरलेल्या दोघींना माहीत आहे की तसं नाहीये. यात भीती असावी, प्रेम असावं, जात असावी, लातूरची बोली असावी, आणि दर प्रकरणाच्या शेवटी दिवा मालवणं अशक्य व्हावं. असं कुणी लिहिलं असेल तर नाव सांगा, पाच प्रती मी घेते. मागच्या कव्हरवर 'पालकांसाठी दोन शब्द' असतील तर मात्र राहू द्या.